झाडलोटीचं पोतं

निघायच्या आदल्या रात्री आण्णांनी कारखान्याची जमीन झाडली,
तीनदा.
आधी केरसुणीनं, मग रंगाच्या ब्रशानं,
मग गुडघ्यांवर बसून दाढीच्या ब्रशानं,
फरशीच्या सांध्यासांध्यातून.
अकरा वर्षं पैंजणं घासली त्या खोलीत.
चांदी उडते, बसते,
तळपायाला लागून अंथरुणापर्यंत येते.
सगळी धूळ एका गोणपाटात भरली, तोंड शिवलं,
आणि ओम्नीत आधी ते पोतं चढलं,
मग आई, मग सन्मती, मग मी.

सरकतं दार मिटत नव्हतं. सुतळीनं बांधलं.
शेजारची पोन्नीअक्का खिडकीशी वाकून
भरभर काहीतरी म्हणाली.
अकरा वर्षं राहून आईला ते कळलं नाही,
मला कळलं.
मी सांगितलं नाही.
आईनं नुसती मान हलवली,
तिनं दिलेली जुई माझ्या वेणीत खोचली.
कृष्णगिरीपर्यंत तिचा वास होता,
पुढं पेट्रोलचा.

बंगळूर बाहेरूनच गेलं.
तुमकूरला पंक्चर.
चित्रदुर्गाच्या पवनचक्क्या दिसल्या तेव्हा
ऊन टेकडीला टेकलेलं.
"थांबवा गाडी," आई म्हणाली, "दिवस बुडतोय."
रस्त्याकडेला डबा उघडून
आम्ही दहीभात जेवलो, गपागपा,
सूर्याशी पैज लावल्यासारखं.
सन्मतीचा एक घास उरला.
"अजून दिसतोय," तो म्हणाला,
"थोडासा दिसतोय."
आईनं डबा पुसायला घेतला, पश्चिमेकडं पाठ करून.

अंधारात आण्णांची भाषा बदलत गेली.
सेलममध्ये ते आमच्याशी मराठी बोलायचे
जपून, तोळामासा मोजल्यासारखी.
धारवाड मागं पडलं तसे हेल आले,
बेळगावला शिव्या आल्या, ट्रकवाल्यांसाठी,
आणि निपाणीला ते स्वतःशीच म्हणाले,
"आलंच की गा."
"नवं घर कसंय?" मी विचारलं.
"घर हाय. लाईट न्हाय."
मग बराच वेळ
नुसता वायपर, पाऊस नसताना,
काचेवरचे किडे पुसत.

कागलच्या अलीकडं पोलिसानं बॅटरी मारली.
"कुठनं?"
"सेलमस्नं."
"पोत्यात काय हाय?"
"माती."
"माती?" त्यानं बोटानं पोतं दाबून बघितलं.
"सेलमची माती हिकडं आणताय? हितं कमी पडली व्हय?"
आण्णा हसले.
आठशे किलोमीटरमध्ये पहिल्यांदा,
इतके की सन्मती दचकून उठला
आणि तमिळमध्ये पाणी मागितलं.
पोलिसानं बॅटरी त्याच्या तोंडावर धरली,
मग विझवली. "जावा."

हुपरीत शिरलो तेव्हा पहाट नव्हती, रात्रही नव्हती.
गल्लीत शटरं खाली,
एका माडीवर मात्र ठोक चालू होता, बारीक, एकसुरी.
आण्णांनी इंजिन बंद केलं आणि ऐकत राहिले.
"घुंगरं," म्हणाले. "ऑर्डर असणार कुणाची तरी."
दाराची सुतळी सोडायला कात्री सापडेना.
आईनं दातांनी तोडली.
घरात चुन्याचा वास, कोपऱ्यात कुणाची तरी
अर्धी खडूची पेटी.
मी पायऱ्या मोजल्या: ओन्नु, रेंडु, मूणु.
चौथी नव्हतीच.

पंधरा दिवसांनी पोतं भट्टीवाल्याकडं गेलं.
धूळ जाळली, धुतली, पुन्हा जाळली.
अकरा वर्षांची निघाली त्रेसष्ट ग्रॅम.
आई म्हणाली, एक वाटी करू पूजेला.
आण्णा म्हणाले, मीटरचं डिपॉझिट.
त्यावर दोघं दोन दिवस बोलली नाहीत.
तिसऱ्या दिवशी बल्ब लागला,
आणि खोलीत किती जळमटं आहेत ते दिसलं.

रिकामं गोणपाट आईनं उकळत्या पाण्यातून काढलं,
घडी घालून उंबऱ्यात टाकलं पाय पुसायला.
अजून आहे.
त्यावरची अक्षरं गोल, निळी, बरीच झिजलेली.
सन्मतीला आता वाचता येत नाहीत,
घास आठवतो म्हणतो, सूर्य नाही.
कुणी विचारलं की मीच वाचून दाखवते:
तांदळाचं नाव आहे, पोन्नी.
खाली वजन होतं,
त्यावर सगळ्यांचे पाय पडले.